धूळ काढायचं बटण

आमच्या मंगळवार पेठेत कुणाच्या माळ्यावर जुनी निगेटिव्ह सापडली की त्याला माझ्याकडं पाठवतात. "बापूंना इचारा, त्येनी चार सॉफ्टवेअर वापरल्यात," असं सांगतात. चार वापरली हे खरं आहे. त्यांतली तीन का सोडली हे मात्र कुणी विचारत नाही, त्यामुळं या विषयातला जाणकार म्हणून माझं उगाच नाव झालं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनीही त्याच समजुतीनं लेख मागितला. त्यांचा गैरसमज दूर करावा म्हणून लिहायला बसलो आहे.

स्टुडिओ वडिलांनी काढला, मी चालवला आणि मोबाईलनं बंद पाडला. पासपोर्ट फोटोंवर काही वर्षं ढकलली, मग तेही लोक घरी भिंतीला पाठ लावून काढायला लागले. शेवटी गाळा मी एका मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिला. ज्यानं घर बुडवलं त्याच्याकडूनच पोटगी घेतो, असं आमची बायको सुमन चारचौघांत सांगते.

स्टुडिओ गेला, पण निगेटिव्ह राहिल्या. गिऱ्हाईक फोटो घेऊन जायचं आणि निगेटिव्ह आमच्याकडं ठेवायचं, ही त्या वेळची रीत. पुन्हा कॉपी लागली तर माणूस आपल्याकडंच यावा, एवढाच त्यातला धंद्याचा हिशेब. वडिलांनी गावाप्रमाणं डबे लावले होते. गडहिंग्लजचा डबा, कागलचा डबा, पन्हाळ्याचा डबा. असे डबे आमच्या वरच्या खोलीत छतापर्यंत गेले होते.

"मला शेवया ठेवायला डबा न्हाय," सुमन म्हणाली, "आन् तुमी लोकांची तोंडं भरून ठेवलायसा. एक तर ह्येंचं काय तरी करा, न्हायतर मी रद्दीवाल्याला बोलवतो."

सुमन बोलवते म्हणाली म्हणजे बोलवतेच. मी पुण्यातल्या आमच्या मुलाला फोन केला आणि त्यानं निगेटिव्हचा स्कॅनर पाठवून दिला. नव्या पिढीसाठी सांगतो, निगेटिव्ह म्हणजे उलटा फोटो. त्यात गोरा माणूस काळा दिसतो आणि काळे केस पांढरे. स्कॅनर त्यातून उजेड पाठवून चित्र टिपतो आणि संगणक ते सुलटं करतो. त्यानंतर फोटोवरचे डाग, ओरखडे, उडालेले रंग नीट करायला सॉफ्टवेअर लागतं. इथंपर्यंतची माहिती माझी पक्की आहे. इथून पुढं माझ्यावर कुणी फार विसंबू नये.

पहिलं सॉफ्टवेअर स्कॅनरबरोबरच आलं होतं. त्यात धूळ ओळखायची एक अदृश्य किरणांची युक्ती होती. रंगीत फिल्ममध्ये चित्र रंगांचं असतं, त्यातून ते किरण आरपार जातात आणि धुळीला अडतात. जिथं अडले तिथं धूळ, असं यंत्राला कळतं आणि ते तेवढी जागा भरून काढतं. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीच्या कणांचं असतं, त्यामुळं किरण चित्रालाच अडतात. हे सगळं खोक्यावर छापलेलं होतं. पण आम्ही खोकी वाचत नाही, फाडतो. मी पहिल्याच दिवशी माझ्या चुलत सासऱ्यांची कृष्णधवल निगेटिव्ह घातली. यंत्रानं त्यांचं नाक आणि अर्ध्या मिशा धूळ समजून काढून टाकल्या. सुमननं मागून बघितलं आणि म्हणाली, "आता जरा बरं दिसत्यात." तेवढ्यावरून मी सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं.

दुसरं एका बटणाचं होतं. गाळ्यातल्या मोबाईलवाल्यानंच ते शिकवलं. फोटो घाला, बटण दाबा, चेहरा नवाकोरा होऊन येतो. मला ते इतकं आवडलं की मी पेठेतल्या तालमीच्या वस्तादांचा तरुणपणीचा गदेसहितचा फोटो स्वतः होऊन करून दिला. फुकट. वस्तादांनी फोटो हातभर लांब धरून बघितला, मग जवळ घेऊन बघितला.

"बापू, ह्यो कोण?"

"तुम्हीच की, वस्ताद."

"मग माझं कान कुठं हायत?"

मी बघितलं. कान होते, दोन्ही होते. छान पातळ, पाकळीसारखे होते. "हायत की हे," मी म्हणालो.

"ह्ये बँकेच्या सायबाचं कान हायत. आरं, आख्खी जवानी मातीत घासून मी कान मोडून घेतलं, आन् तू एका बोटानं सरळ केलास व्हय?"

कुस्ती न बघितलेल्यांसाठी सांगतो, डाव धरता-सोडता पैलवानाचे कान चिरडून सुजतात आणि तसेच गड्ड्यासारखे कायमचे राहतात. आमच्याकडं तीच त्याची पदवी. बटण बनवणाऱ्यानं मोडलेले कान बघितलेले नव्हते, त्याला ते फोटोचा दोष वाटले. त्याला मी माफ केलं. मी स्वतः तालमीच्या सावलीत वाढलो, आणि फोटो हातात देईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही, याचं काय करायचं ते मला सुचलं नाही.

तिसरं भाड्याचं. जगातले सगळे मोठे लोक हेच वापरतात असं मुलानं सांगितलं. ते विकत मिळत नाही, दर महिन्याला भाडं भरायचं. सुमनच्या मते गाळ्याचं भाडं एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं अमेरिकेला पाठवायचा हा उद्योग होता. पण सॉफ्टवेअर झकास होतं. त्यात इतकी अवजारं होती की मी पहिला महिना नुसती नावं वाचण्यात घालवला. एक कळ धुकं काढायची होती. पन्हाळ्याच्या डब्यातला एका जोडप्याचा लग्नानंतरचा फोटो मी त्यावर धरला. पावसाळी दिवस, मागं पांढरं धुकं आणि पुढं ती दोघं. मी कळ फिरवत गेलो. धुक्यातून पुसटसा कणसाचा गाडा आला, मग एक एसटी आली आणि मग झाडाकडं तोंड करून उभा असलेला एक माणूस आला. मला अभिमान वाटला. इतक्या वर्षांनी एवढा तपशील बाहेर काढला म्हणून मी तो मोठा करून त्या जोडप्यातल्या बाईंना नेऊन दिला. त्या आता आजी झाल्या आहेत. बराच वेळ त्या झाडाकडच्या माणसाकडं बघत राहिल्या.

"बापू," त्या म्हणाल्या, "आमी धुकं बघायलाच गेलतो."

एवढं होऊनही मी शहाणा झालो नाही. मोठं अवजार हातात आलं की माणसाला वाटतं आपलाच हात मोठा झाला. अशा वेळी शिवाप्पा आले.

शिवाप्पांचं शाहूपुरीत गुळाचं दुकान. मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं घरात कानडी आणि दुकानात मराठी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. त्यांची आई, म्हणजे त्यांची अव्वा, ते रांगत असतानाच गेली. थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, त्यांना वाढवलं. अव्वाचा एकच फोटो होता. तो माझ्या वडिलांनी काढलेला, आणि गावाकडच्या घरात नदीचं पाणी शिरलं तेव्हा तो गेला.

"मला काय अव्वा आठवत न्हाय," शिवाप्पा म्हणाले. "मला अक्काच अव्वा. पर आता अक्काच्या डोळ्यात काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणत्यात, गेलेली नजर परत येत न्हाय, हाय ती बी लई दिवस टिकायची न्हाय. अक्का म्हणतीया, दिसतंय तवर एकदा अव्वाचं तोंड बघू दे. बघा की तुमच्याकडं काय हाय का."

मी त्याच दिवशी गडहिंग्लजचा डबा उपसला. निगेटिव्ह सापडली. जुन्या पद्धतीची, चौकोनी, कृष्णधवल. अव्वा खुर्चीवर बसलेली, डोक्यावरून पदर, मांडीवर टकलं बाळ शिवाप्पा. पण डब्यात ओल गेली होती. फिल्मवर धूळ चिकटली होती आणि जागोजाग बुरशीनं खाल्लं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'धूळ आणि ओरखडे' नावाची एक कळ होती आणि ती पूर्ण फिरवायची संधी मला मिळत नव्हती.

मी ती पूर्ण फिरवली. सगळे ठिपके एका फटक्यात गेले. अव्वाचा चेहरा असा निघाला की मीच खुर्चीत मागं टेकलो. मोठा प्रिंट काढला, चांगली फ्रेम केली आणि शिवाप्पांना बोलावलं. त्यांनी फोटो बघितला. मग खिशातून रुमाल काढला. सुमननंही त्या दिवशी मला न मागता दुसरा चहा दिला. मी रात्री मुलाला फोन करून म्हणालो की सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं या प्रश्नाचा आता कायमचा निकाल लागला आहे.

दुसऱ्या दिवशी शिवाप्पा परत आले. फ्रेम टॉवेलात गुंडाळलेली होती.

"बापू, राग मानू नका. अक्का म्हणतीया, ही कोण बाई?"

मला राग आलाच. "अक्कांना नीट दिसत नाही म्हणता ना?" मी म्हणालो.

"दिसत न्हाय म्हणून तर नाकाला लावून बघितलं की तिनं. तिचं ह्येच शेवटचं बघणं," शिवाप्पा म्हणाले. "अव्वाच्या कपाळावर गोंदण होतं म्हणतीया. गालावर होतं. ह्या बाईला कायच न्हाय. अव्वानं आन् तिनं एकाच दिवशी, एकाच बाईकडनं गोंदून घेतलं."

"तुम्हाला काल कसं दिसलं नाही?"

"आमच्या फोटोच्या काचेवर अक्का रोज अव्वाला कुंकू लावायची. कुंकवावर कुंकू चढून कपाळ कधी दिसलंच न्हाय मला. खालचा फोटो तर सगळा पिवळाच पडलेला."

ते गेल्यावर मी मूळ स्कॅन पुन्हा उघडला. कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध एक ठिपका होता. डाव्या गालावर एक होता. मी ते स्वतःच्या हातानं पुसले होते.

सॉफ्टवेअरला धूळ म्हणजे काय हे माहीत नसतं. आजूबाजूपेक्षा वेगळा असा बारीक ठिपका दिसला की ते शेजारचा रंग ओढून त्यावर घालतं. गोंदणही तसंच दिसतं, त्यात त्याची काही चूक नाही. पण मला माहीत होतं. निगेटिव्हवर धूळ बसली की उजेड अडतो, म्हणून फोटोत धुळीचा ठिपका पांढरा येतो. काळा ठिपका आला तर तो एक तर फिल्मवरचा थर खाल्ला गेल्याचा असतो, नाही तर माणसाच्या अंगावरचाच असतो. पांढरं बिनधास्त पुसायचं आणि काळ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे वडिलांनी मला अर्ध्या चड्डीत असताना शिकवलं होतं. जगातले सगळे मोठे लोक वापरतात ते सॉफ्टवेअर भाड्यानं घेतलं आणि हे तेवढं विसरलो. लाज वाटली. सुमनला सांगितलं तर ती हसेल असं वाटलं, पण ती हसली नाही. "मग आता बसा आन् एकेक काढा की," एवढंच म्हणाली, आणि तेच जास्त लागलं.

मी बसलो. भाड्याचं सॉफ्टवेअर रागानं बंद केलं होतं, म्हणून मुलानं कधी तरी घालून ठेवलेलं फुकटचं उघडलं. त्यात दिखाऊ काही नाही. एक बारीक ब्रश आहे, शेजारचा तुकडा उचलून डागावर ठेवणारा. पूर्वी आम्ही निगेटिव्हवर शिसपेन्सिल आणि प्रिंटवर शाईचा कुंचला घेऊन जे करायचो, तेच. हा ब्रश पहिल्या तिन्हींतही, अगदी त्या एका बटणाच्यातही, कुठं तरी कोपऱ्यात होता असं नंतर कळलं. म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं या प्रश्नावर मी जो काळ घालवला तो सगळा वाया गेला, असं म्हणायला हरकत नाही.

पांढरे ठिपके मी एकेक करून काढले. अव्वाचा पदर झाला, खुर्ची झाली, बाळ शिवाप्पाचं डोकं झालं. चेहऱ्यावर काळे ठिपके राहिले. कपाळ, गाल, ओठाच्या वर, कानाजवळ, हनुवटीवर. त्यांतलं बुरशीचं कुठलं आणि गोंदणाचं कुठलं? भिंग घेऊन निगेटिव्ह उजेडावर धरली. बुरशीनं खाल्लेल्या जागेची कड कुरतडलेली असते आणि आरपार लख्ख उजेड येतो. गोंदणाची कड मऊ असते. बहुतेक ठिकाणी मला खात्री वाटली. पण खात्री मला वस्तादांच्या कानांच्या वेळीही होती. मी शिवाप्पांना फोन केला आणि म्हणालो, अक्कांना घेऊन या.

अक्का आल्या त्या शिवाप्पांचा दंड धरून. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, अंग वाळलेलं पण आवाज खणखणीत. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "तुझा बा लई हसवायचा रं." त्यांना संगणकापुढं बसवलं आणि अव्वाचा चेहरा पडद्यावर मावेल एवढा मोठा केला. त्या चष्मा कपाळावर सारून पुढं वाकल्या, नाक पडद्याला लागेपर्यंत. मग तशाच थांबल्या.

"माझ्याकडं बघालीया," त्या म्हणाल्या.

आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की शिवाप्पा रडत होता, म्हणून त्या कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या राहून खुळखुळा वाजवत होत्या. मी बघितलं तर खरंच अव्वाची नजर कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जरा बाजूला होती. दोन दिवस मी तो चेहरा बघत होतो आणि बसताना बाई बिचकली असेल असं धरून चाललो होतो.

"अक्का," मी म्हणालो, "आता मी एकेक ठिपका दाखवतो. अव्वाचा असेल तर ठेवतो, नसेल तर काढतो."

"व्हय. दाखव."

कपाळावरच्या ठिपक्यावर मी बाण नेला. "हौदु," अक्का म्हणाल्या, कानडीत हो. गालावरचा? "हौदु." ओठावरचा? "न्हाय, तिथं कुठलं." मी तो काढला. कानाजवळचा? पदर बाजूला करून त्यांनी मला त्यांचा स्वतःचा कान दाखवला. तिथं काही नव्हतं. "बगितलास? न्हाय. आमचं दोघींचं सारखं होतं." मी तोही काढला. भिंगातून मी जे ठरवलं होतं त्याच्याशी त्यांचं तंतोतंत जुळत होतं, आणि मला पुन्हा जरा माझी कारागिरी आठवायला लागली होती.

मग हनुवटी आली. तो ठिपका मी सगळ्यांत नीट तपासला होता. कड कुरतडलेली, मधून लख्ख उजेड, शेजारी आणखी एक बारीक भोक. ती बुरशी होती, हे मी कुठल्याही देवावर हात ठेवून सांगायला तयार आहे. मी ब्रशसुद्धा तयार ठेवला होता.

"ह्ये," अक्का म्हणाल्या आणि बोट पडद्यावर ठेवलं. "ह्ये शेवटी गोंदलं. मी लई रडालतो, तर अव्वा म्हणाली, आधी माझं गोंदा, ती बघंल आन् गप बसंल. मी गप बसलो." मग तेच बोट त्यांनी आपल्या हनुवटीवर ठेवलं. "हितं. हाय न्हवं माझ्याबी?"

मी खाली वाकून बघितलं. सुरकुत्या होत्या. दुसरं काही मला दिसलं नाही. शिवाप्पांकडं बघितलं तर ते जमिनीकडं बघत होते.

"बोल की रं," अक्का म्हणाल्या. "मला आता आरशात दिसत न्हाय."

"हाय की, अक्का," मी म्हणालो, आणि माउसवरचा हात काढून घेतला.